बर्फातली चाकोरी

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रसवंतीगृहातली, तागाच्या पोत्यात गुंडाळलेली लादी. गोळेवाल्याच्या रंध्यावरून पडणारा चुरा. आणि अलीकडे ज्यांना परवडते त्यांच्या बाबतीत, गुलमर्गच्या सहलीत काढलेला, नाक लाल झालेला फोटो. माझी बर्फाशी ओळख याहून अधिक नव्हती. पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ आणि मिलिंग यंत्रांच्या सहवासात छत्तीस वर्षे काढली आणि निवृत्त झालो. आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाकडे, कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या एका लहान गावी असते. "बाबा, एक हिवाळा तरी इथे काढाच," असा तिचा धोशा होता. शेवटी आम्ही उभयता दिवाळीच्या तोंडावर तिच्याकडे जाऊन थडकलो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावायला म्हणून सौ. बाहेर गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "अहो, अंगणच नाही!" पाहतो तो खरेच, दुपारी होते ते अंगण चार बोटे पांढऱ्याखाली गडप झालेले. पणत्या शेवटी खिडकीच्या आत लावल्या. जावई मात्र खुशीत होते. ते गॅरेजमध्ये गेले आणि ताडपत्री काढून त्यांनी जी वस्तू उघडी केली, तीच या लेखाची नायिका.

तिला स्नोमोबाइल म्हणतात. मी तिला हिमगाडी म्हणू लागलो. मोटरसायकलचे आणि रणगाड्याचे लग्न लागून त्यांना अपत्य झाले तर ते असे दिसेल. पुढे दोन स्की, म्हणजे टोकाला वर वळलेल्या घसरपट्ट्या. मागे चाके नाहीत. त्यांच्या जागी पंधरा इंच रुंदीचा, दातेरी, रबराचा एक अखंड पट्टा फिरतो आणि गाडीला पुढे रेटतो. वर घोड्यासारखी बैठक आणि हाती सायकलीसारखे हँडल. उजव्या अंगठ्याखाली वेगाची पट्टी, डाव्या हाती ब्रेक. गिअरची कटकट नाही. गुलमर्गला गेलेल्या वाचकांनी हीच गाडी स्नो-स्कूटर या नावाने भाड्याने घेतली असेल. सियाचेनच्या हिमनदीवर आपले जवान सामान वाहतात तेही अशाच गाड्यांवरून. तेव्हा ही केवळ श्रीमंतांची चैन आहे असे कुणी समजू नये. मीही प्रथम तसेच समजलो होतो. या गाडीचा जन्म कसा झाला ते वाचल्यावर ती समजूत गेली.

एका बापाची गोष्ट

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे गाव आहे. तिथे १९०७ साली जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए जन्मला. या पोराला यंत्रांचे वेड. १९२२ सालच्या अखेरच्या दिवशी, वय वर्षे पंधरा असताना, त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसवले, त्याला लाकडी विमानी पंखा जोडला आणि भावाला पुढे दिशा सांभाळायला बसवून ते धूड गावच्या रस्त्यावरून पळवले. पंखा उघडाच गरगरत होता. वडिलांनी पाहिले आणि ते लगेच मोडून टाकायला लावले. कुठल्याही बापाने हेच केले असते.

पुढे बॉम्बार्डिएने गॅरेज काढले, संसार मांडला. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांत हिवाळा आला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत. रस्ते वसंतापर्यंत बंद. घोडागाडी होती, पण मोठ्या वादळात तीही जागची हलत नसे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. पोटातल्या आंत्रपुच्छाचे दुखणे होते. इस्पितळात नेले असते तर शस्त्रक्रिया झाली असती. पण नेणार कसे? बर्फावर चालेल अशी गाडी बनवण्याची बॉम्बार्डिएची खटपट वर्षानुवर्षे चालू होती, गॅरेजमध्ये तिचे अर्धवट सांगाडे पडलेले होते, आणि त्यातला एकही त्या दिवशी चालण्याजोगा नव्हता. मूल गेले.

मी यंत्रशाळेत जन्म काढला. अपुरे राहिलेले काम कपाटात पडून असले की मनाला कसे कुरतडते ते मला ठाऊक आहे. पण या माणसाचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. त्याने काम थांबवले नाही एवढे मात्र खरे. दातेरी चक्र आणि त्यावरून फिरणारा रबरी पट्टा अशी रचना त्याने सिद्ध केली आणि १९३७ साली तिचे पेटंट मिळवले. त्याच सुमारास सात माणसे बसतील अशी बंद गाडी त्याने विकायला काढली. पुढे बारा माणसांची आली. डॉक्टर, टपालवाले, शाळेची मुले, आजारी माणसे, सगळ्यांची ने-आण या गाड्यांतून होऊ लागली. त्याच्या गाड्यांना पुढे स्की होत्या आणि आत चालकापुढे मोटारीसारखे चक्र.

एका माणसाने एकट्याने हाकायची लहान गाडी त्याने बाजारात आणली ती १९५९ साली. दूर उत्तरेकडच्या आदिवासी वस्तीत काम करणारे मॉरिस विमे नावाचे धर्मगुरू त्याचे मित्र होते. त्यांना त्याने यातली एक सुरुवातीची गाडी दिली होती. गाडीचे नाव 'स्की-डॉग' ठेवायचे होते, कारण ती बर्फावरच्या कुत्र्यांची जागा घेणार होती. ते 'स्की-डू' झाले. छापणाऱ्याच्या चुकीने झाले असे म्हणतात. आमच्या कारखान्यात छपाईच्या चुकीने एका यंत्राचे सुटे भाग तिप्पट आले होते, पण असले भाग्य त्यातून काही उगवले नाही!

बॉम्बार्डिए १९६४ साली, अवघ्या ५६ व्या वर्षी वारला.

मोटारीच्या बंपरच्या स्की

आमच्या मुलीच्या गावापासून दूर नाही असे रोझो नावाचे दुसरे गाव आहे. तिथे शेतीची अवजारे बनवणारा एक छोटा कारखाना होता. १९५० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या लोकांनी, डेव्हिड जॉन्सन आणि हेटीन बंधूंपैकी ॲलन यांनी, एक हिमगाडी ठोकून-ठाकून तयार केली. मालकांपैकी एडगर हेटीन तेव्हा बाहेरगावी होता. परत आल्यावर कामाचा वेळ फुकट घालवला म्हणून तो चिडला. गाडी ४६५ डॉलरला गावातल्या एका लाकूडवाल्याला विकली गेली. यांत्रिक माणसाला या गाडीत गंमत वाटावी ती अशी की, तिचा पट्टा धान्य वर चढवण्याच्या यंत्राच्या भागांतून केलेला होता आणि पुढच्या स्की शेव्हरोले मोटारीच्या बंपरमधून! हाच कारखाना पुढे पोलॅरिस म्हणून नावारूपाला आला. आणि चिडलेला एडगर? १९६० साली त्याच गाड्या घेऊन अलास्कात हजाराहून अधिक मैल फिरून तो आला, आणि नंतर त्याने जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्स या गावी आपला स्वतंत्र कारखाना काढला. १९६८ साली तर मिनेसोटातलाच एक विमा-एजंट, राल्फ प्लेस्टेड, हिमगाड्यांवर बसून उत्तर ध्रुवावर जाऊन आला. विमा-एजंट कुठेही पोचतात हे आपल्याला नवीन नाही.

बंपरच्या स्की सरळ जायला ठीक होत्या. प्रश्न होता वळण्याचा. आमच्या घरातही शेवटी तोच उभा राहिला.

वळणावर

मिनेसोटात हिमगाड्यांसाठी राखलेल्या वाटांची लांबी बावीस हजार मैलांहून अधिक आहे. यंत्राने बर्फ दाबून, रंधा मारल्यासारखा सपाट करून त्या तयार ठेवतात; हे काम बहुतांशी गावोगावच्या हौशी मंडळांची माणसे करतात. या वाटांना वाहतुकीचे नियम आहेत: उजव्या बाजूने जावे, सरकारी जागेत ताशी ५० मैलांहून वेग नको, आणि समोरून कुणी आले तर डावा हात उंच करून आपल्या मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवावे. तीन बोटे दिसली की आणखी तीन यायच्या आहेत असे समजून वळणावर जपून राहायचे. जो सगळ्यांत शेवटी असतो तो मूठ दाखवतो, म्हणजे माझ्यामागे कुणी नाही. मला ही पद्धत फार आवडली. आपल्या घाटांत अशी सोय असती तर!

जावयांची गाडी नवी होती, मुलीची जुनी, दुसऱ्या हाताची. तिच्या डाव्या मनगटाची हकीगत सांगायला हवी. कॉलेजात असताना पुण्यात, कर्वे रस्त्यावर, रिक्षाला चुकवताना स्कूटरवरून पडून ते मोडले होते. हाड जुळले, पण थंडीत दुखते आणि जोर लावला की सुजते. तरी तिला हिमगाडी सोडायची नव्हती. "बाबा, इथे पाच महिने घरात बसून माणूस वेडा होतो," ती म्हणे. आईची मात्र समजूत पटत नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघे फिरून परतले तेव्हा मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. उजवीकडच्या वळणावर तिने हँडल पुरते वळवले, तरी गाडी सरळच गेली. सरळ म्हणजे डावीकडच्या, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. समोरून दोन गाड्या येत होत्या. पहिल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावले. दोन्ही गाड्यांच्या मध्ये, ती म्हणाली, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढे अंतर उरले होते.

त्या रात्री जेवण कुणालाच गेले नाही. जावई म्हणाले, "ही गाडी विकून टाकू. पॉवर स्टिअरिंगची नवी घेऊ. तुझ्या हातात जोर नाही म्हणून हे झालं." नव्या गाडीला पंधरा हजार डॉलरच्या पुढे पडतात. मुलगी म्हणाली, "मुळीच नको. घराचे हप्ते कोण भरणार?" सौ. म्हणाली, "दोन्ही गाड्या विका!" मी काहीच बोललो नाही. पण माझ्या डोक्यात एक वाक्य घोळत राहिले: हँडल पुरते वळले होते. म्हणजे हात कमी पडला नव्हता. मग कमी काय पडले?

शेजारच्या आजोबांची शाळा

शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतात. घराणे मूळचे नॉर्वेचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे. गॅरेज असे की आमच्या कारखान्याच्या टूल-रूमने मान खाली घालावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी ढकलत आपल्याकडे नेली आणि मला हाताशी घेतले. त्यांची इंग्रजी आणि माझी इंग्रजी यांचे फारसे जमेना, पण व्हर्नियर आणि पाना यांची भाषा दोघांची एकच होती.

प्रथम त्यांनी स्की उलटी करून दाखवली. स्कीच्या तळाला मधोमध होडीसारखा एक कणा असतो आणि त्या कण्याखाली पोलादी सळई बसवलेली असते. सळईच्या पोटात टंग्स्टन कार्बाइडची धार झाळलेली असते. कार्बाइड पाहताच मला गहिवरून आले. लेथवर ज्याच्या टोकाने जन्मभर पोलाद कापले, तेच हे! वळताना बर्फात रुततो तो हा कणा आणि ही धार. स्की म्हणजे केवळ तरंगणारी पट्टी. गाडीला वळवते ती तिच्या खालची सुरी. मी अंगठा फिरवून पाहिला. धार नव्हतीच, हरभऱ्याच्या पाठीसारखी गोल झाली होती. बोथट सुरीने टोमॅटो कापावा तशी ही स्की कडक बर्फावरून नुसती घसरत होती. हँडल वळले, स्की वळल्या, पण गाडीला धरायला काही उरलेच नव्हते.

आजोबांनी मग दोन्ही स्कींच्या टोकांना ताणाचा रबरी दोर बांधला, म्हणजे सांध्यांतली ढिलाई निघून जावी, आणि पट्ट्याच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून माप घेतले. हँडल सरळ असताना स्की जवळजवळ समांतर हव्यात. पुढची टोके मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत बाहेर असली तर चांगलेच, पण आत कदापि नकोत. आमची उजवी स्की आत वळलेली निघाली. कधी तरी झाडाच्या बुंध्याला घासली असणार. टाय-रॉडची चकती सैल करून दोन आटे फिरवले आणि ती रांगेत आली.

मुलीची आणखी एक तक्रार होती. सरळ वाटेवरही गाडी अचानक डावी-उजवीकडे हिसका घ्यायची. आजोबा हसले आणि त्यांनी बाहेरच्या वाटेवर बोट दाखवले. शेकडो गाड्यांच्या कण्यांनी बर्फात बारीक चर पाडलेले होते. आपल्या स्कीचा कणा अशा चरात सापडला की तो चर जिकडे नेईल तिकडे गाडी जाऊ पाहते. मला हे समजायला क्षणही लागला नाही. बैलगाडीचे चाक चाकोरीत पडले की गाडीवानाला काय झटापट करावी लागते ते मी लहानपणी मामांच्या गावी पाहिलेले. चाकोरी हा शब्द आपण आता कारकुनाच्या आयुष्यासाठीच वापरतो, पण तो मुळात चाकाचा आहे. सात समुद्रांपलीकडे तो मला बर्फात सापडला.

या हिसक्यावर आजोबांनी जो उपाय केला तो पाहून मी मनातल्या मनात त्यांना टोपी काढली. स्की आणि तिच्या वरचा दांडा यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. त्या ठोकळ्याच्या मागच्या भागाखाली त्यांनी एक पातळ पट्टी सरकवली. काम इतकेच! पण त्याने गाडीचा भार स्कीच्या पुढच्या अर्ध्यावरून मागच्या अर्ध्यावर सरकला. रुग्णालयातल्या खाटेचे फिरते चाक पाहा: ते आपल्या खुंटीच्या मागे राहून गपगुमान फरफटत येते, कारण त्याचा टेकू खुंटीच्या मागे असतो. भार पुढे गेला की तेच चाक वेड्यासारखे भटकेल. स्कीचेही तसेच.

तिसरी गोष्ट होती भाराची. वेग घेताना गाडीचे नाक उचलते आणि स्की हलक्या पडतात. हलक्या स्की रुतत नाहीत. पट्ट्याच्या आतल्या चौकटीला पुढे एक आवळपट्टा असतो. तो एक भोक आवळला की चौकट पुढून कमी उघडते आणि स्कींवर वजन अधिक राहते. पट्ट्याच्या पुढच्या स्प्रिंगचा ताण कमी केला तरी परिणाम तोच. पण फार आवळले तर हँडल जड होते, हेही आजोबांनी बजावले. ते वाक्य तेव्हा मी फारसे मनावर घेतले नाही.

दुकानात

जुन्या स्कीच वाकल्या होत्या, तेव्हा नव्या घ्यायच्या ठरल्या. तालुक्याच्या गावी दुकानात गेलो. भिंतीवर लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या स्कींची रांग लागलेली. चपलांच्या दुकानात यावे तसे वाटले. पूर्वी त्या पोलादी पत्र्याच्या असत. आता बहुतेक सगळ्या दणकट प्लास्टिकच्या. जावयांचा हात आपोआप सगळ्यांत रुंद जोडीकडे गेला. मोठी वस्तू चांगली, हा आपला सार्वत्रिक समज. दुकानदार बाई होत्या. त्यांनी जोडी घ्यायच्या आधीच प्रश्न केला: "चालवता कुठे?"

सगळी ग्यानबाची मेख या प्रश्नात होती. डोंगराळ मुलखात, रॉकी पर्वताकडे, छातीएवढ्या भुसभुशीत बर्फात चालवायचे तर सात-आठ इंच रुंद स्की हवी. नाही तर गाडी नाक खुपसून बसते. तिथे वळायचे तरी कुठे हँडलने? चालक एका पायरीवर उभा राहून अंगाच्या वजनाने गाडी कलती करतो आणि कित्येकदा हँडल उलट दिशेला फिरवून तिला हव्या त्या बाजूला नेतो. पण दाबलेल्या, कडक वाटेवर तरंगण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे पाच-सहा इंचांची, खोल कण्याची स्की वळणाला पकड देते. रुंद स्की तिथे उगाच ओझे.

दुसरा प्रश्न: "पट्ट्याला खिळे आहेत का?" निसरड्या बर्फासाठी काही लोक मागच्या पट्ट्याला टोकदार खिळे ठोकून घेतात. खिळे असले की मागचा भाग घट्ट धरतो आणि गाडीला सरळ रेटतो. तेव्हा पुढे कार्बाइडची धारही लांब हवी. खिळे नसताना पुढे फार लांब, तीक्ष्ण धार लावली तर उलटेच होते: पुढचे घट्ट धरते, मागचे सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. पुढच्या आणि मागच्या पकडीचा मेळ हवा. आमच्या गाडीला खिळे नव्हते. बेताची धार पुरेशी होती.

आणि चाकोरीचे काय? त्यासाठी बाईंनी दुहेरी सळयांची जोडी काढून दिली. एकाच स्कीखाली दोन सळया, शेजारी शेजारी. एक चरात सापडली तर दुसरी बाहेर असते. एकाच चराच्या हाती गाडी जात नाही. किंमत, बसवण्याच्या सामानासह, चारशे डॉलरच्या आतबाहेर. पंधरा हजारांच्या पुढे हे काहीच नव्हे म्हणून मी मिशीतल्या मिशीत हसलो. सासऱ्याने जावयाचे पैसे वाचवले, हा प्रसंग घडतो तरी किती वेळा?

आणि तरीही

स्की बसल्या. पहिल्याच फेरीत मुलगी आली ती हसत. गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते, हिसका नाही, काही नाही. मी आजोबांकडे शंकरपाळे पाठवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तिने उजव्या हाताने उचलला. ती डावखुरी नाही, तेव्हा त्यात काही विशेष नव्हते. पण डावा हात मांडीवर होता आणि मनगट वांग्यासारखे सुजले होते. सौ.ने हात धरला तेव्हा ती कळवळली.

माझा हिशेब चुकला होता, आणि कुठे चुकला ते आता दिसत होते. बोथट धारेची स्की घसरत होती म्हणूनच हँडल हलके होते! आता धार रुतत होती, दोन-दोन सळया बर्फ धरत होत्या, पुढे भार वाढवला होता. ही सगळी पकड हँडल फिरवताना हातांनाच सोसावी लागते. वळण सुरक्षित झाले आणि मनगट गेले. जावयांनी पॉवर स्टिअरिंगचे कारण चुकीचे सांगितले होते, पण मागितलेली वस्तू चूक नव्हती. मी रात्री तसे त्यांना मोकळेपणाने सांगितले. ते काही बोलले नाहीत. फक्त माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, हे या निमित्ताने मी नीट समजून घेतले. मोटारीसाठी ते फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली करून दाखवले. पण सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ते क्रायस्लरच्या मोटारीत मिळाले १९५१ साली. ते तेलाच्या दाबावर चाले. विजेच्या मोटरवर चालणारे १९८८ साली जपानच्या सुझुकीने एका चिमुकल्या गाडीत आणले. हिमगाडीवर ते बसवण्यात पुढाकार घेतला यामाहाने, २०१० च्या आसपास. आमच्या पिढीला यामाहा ठाऊक ती आरएक्स हंड्रेडच्या फटफटीमुळे. ही कंपनी १९६८ पासून हिमगाड्याही करत होती, आणि २०२३ साली तिने हा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. इतरांनी तोवर ती विद्या उचलली होती.

यामाहाच्या अशा गाड्यांना चार-स्ट्रोकचे, वजनदार इंजिन असे आणि ते बसे पुढे, स्कींच्या माथ्यावर. त्यामुळे हँडल जड, आणि म्हणून मदतनिसाची गरज. हा मदतनीस असा: हँडलच्या दांड्यात एक बारीक दांडी असते; चालकाने जोर लावला की तिला किंचित पीळ पडतो. तो पीळ मोजून एक विजेची मोटर त्याच दिशेला आपला हात लावते. वेग कमी असताना मदत जास्त, वेग वाढला की मदत कमी. नाही तर भरधाव जाताना हँडल लोण्यासारखे फिरेल आणि भलतेच होईल. शिवाय खड्डा किंवा दगड लागून उलटा झटका आला तर तोही ही मोटर पुष्कळसा गिळते. मोडलेल्या मनगटाचा खरा शत्रू हा झटका. याला बॅटरी हवी, गाडीचे वजन थोडे वाढते, आणि दोरी ओढून सुरू करायच्या साध्या हलक्या गाड्यांत हे सहसा नसते.

मात्र ही मोटर बर्फाला धरत नाही. बोथट स्की असलेल्या गाडीला हे यंत्र लावले असते, तर मुलीने अगदी एका बोटाने हँडल फिरवले असते आणि गाडी तितक्याच सरळ समोरच्यावर गेली असती. त्या रविवारी रात्री जावयांचे ऐकून नवी गाडी घेतली असती, तर नव्या धारेच्या स्कीमुळे वळण जमले असते आणि सगळ्यांनी श्रेय मोटरला दिले असते. दोन हिवाळ्यांनी धार झिजल्यावर पुन्हा तेच वळण.

नवी गाडी घेतली नाहीच. मार्चमध्ये, हंगाम संपताना, वापरलेल्या गाड्या स्वस्त होतात. आजोबांच्या ओळखीने एक चार-स्ट्रोकची, पॉवर स्टिअरिंगवाली, सात हिवाळे पाहिलेली गाडी मिळाली. जुनी विकली, वर थोडी भर घातली. नव्या स्की मात्र विकल्या नाहीत. जोडणीचे सामान बदलून त्या या गाडीवर चढवल्या. स्की समांतर आहेत की नाहीत ते आजोबांनी मोजले, मी मोजले, आणि मग मुलीने आम्हा दोघांवरही विश्वास न ठेवता तिसऱ्यांदा मोजले.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. मला गाडी चालवायची परवानगी सौ.ने अजून दिलेली नाही. तळ्यावरून जायचे तर नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान पाच ते सात इंच हवी असे सरकारी पत्रक सांगते, आणि तिने ते पत्रक फ्रिजवर चिकटवून ठेवले आहे. म्हणून मी वाटेच्या कडेला, त्याच उजव्या वळणाजवळ, थर्मास घेऊन उभा होतो. मंडळाच्या सहा गाड्या येत होत्या. पहिल्याने पाच बोटे दाखवली, मग चार, तीन, दोन, एक. शेवटची काळी गाडी वळणात शिरली, वाटेच्या उजव्या कडेला चिकटून, आणि चालकाने डावा हात वर केला. मूठ मिटलेली होती. मी चहा ओतायला घेतला.